लपणातलं स्वयंपाकघर

हॉबगुडांच्या घरात लग्नं मोडली, जमिनी विकल्या गेल्या, एकदा तर चर्चच्या नव्या छपरावरून घर दुभंगलं आणि अर्धे हॉबगुड उरलेल्या अर्ध्यांशी वर्षभर बोलत नव्हते. पण ऑक्टोबरातल्या फांद्यांच्या शनिवारी कोणी गैरहजर राहिल्याचं ऐकिवात नव्हतं. भांडायला म्हणून का होईना, सगळे लॉस्ट म्यूल तळ्यावर येत. ओकच्या फांद्या पानं हिरवी असतानाच तोडायच्या, म्हणजे ती सुकली तरी देठ सोडत नाहीत आणि सगळा हंगाम बदकांच्या शिकारीचं लपण झाकून ठेवतात. उशीर झाला की फांदीची काठी होते, आणि काठ्यांमागे बसलेला हॉबगुड वरून उडणाऱ्या बदकाला बनियनसकट दिसतो, असं आर्विल हॉबगुड सांगत. त्यांच्या आधी त्यांचे वडील हेच सांगत, फक्त त्यात बनियन नव्हतं.

नेल्डा, आर्विलांची दोन मुलग्यांमधली लेक, भावांची 'सिस', सगळ्यांच्या आधी पोचली होती. वर्षभर बंद असलेलं लपण उघडायचं काम तिचं, कारण उन्हाळ्यात गांधीलमाश्या आत पोळी करतात आणि तिच्या दोघा भावांना गांधीलमाश्यांचं वावडं होतं. तसं त्यांना बऱ्याच कामांचं वावडं होतं. तिनं फवारा मारला, पोळी झाडून पाण्यात टाकली, बाकाखाली वेटोळं करून बसलेल्या सापाला काठीनं वाटेला लावलं आणि मग वडिलांचा हात धरून त्यांना होडीतून वर घेतलं.

"हात सोड," आर्विल म्हणाले. "मी काय आंधळा आहे?"

"फळ्यांवर शेवाळ आहे, डॅडी."

"मग धर."

लपण म्हणजे पाण्यात खांबांवर उभी केलेली लांबट लाकडी खोली. समोरची बाजू छातीपर्यंत फळ्यांची आणि वर उघडी, तिथून बंदुका काढायच्या. आत लांब बाक. एका टोकाला होडी लपवायची जागा, दुसऱ्या टोकाला फळीची भिंत घालून केलेलं एवढंसं स्वयंपाकघर: गॅसची शेगडी, न्याहारीची मऊ, पावासारखी बिस्किटं भाजायचा पत्र्याचा ओव्हन, एक स्टूल आणि तळहाताएवढी खिडकी. त्या भिंतीला पाठ लावून असलेली बाकावरची जागा आर्विलांची. तिला टोकाची जागा म्हणत. टोकाला बसलेला माणूस 'मारा!' म्हणेल तेव्हाच सगळ्यांनी उठायचं. त्याआधी बार काढणाऱ्यानं पुढच्या हंगामात घरी बसायचं. आर्विलांचा सख्खा भाऊ असाच घरी बसला आणि बसल्या बसल्याच वारला. तरी कोणी नियम बदलला नाही.

आता गोष्ट अशी होती, की आर्विलांना दिसत नव्हतं. समोरचा माणूस ते आवाजावरून ओळखत आणि ताटातलं वासावरून. नजरेच्या मधोमध धुरकट ठिपका बसला होता आणि बदकं नेमकी तिथूनच येत. हे गुपित आधी नेल्डाच्या आईकडे, इमोजीनकडे होतं. इतर बायका मरताना लेकीच्या हातात दागिने ठेवतात. इमोजीननं हॉस्पिटलच्या खाटेवरून तिला स्वयंपाकघर दिलं.

"ग्रेव्ही ढवळता ढवळता खिडकीतून बघत राहा," ती म्हणाली होती. "येताना दिसली की कढईवर एकदा वाजव. टप्प्यात आली की दोनदा. पुढचं तो बघून घेईल. आणि हे बघ, आपल्याला कळलंय हे त्याला कळू देऊ नकोस. पुरुषाचं डोळ्यांवाचून भागतं गं, तोऱ्यावाचून नाही भागत."

तेव्हापासून नेल्डा वाजवत होती आणि आर्विल ओरडत होते. अख्ख्या तळ्यावर त्यांच्या नजरेचा डंका होता. गळाच्या आमिषाच्या दुकानात लोक त्यांच्यासाठी खुर्ची सोडून उठत. ती तारीफ ऐकताना नेल्डाला हसू येई, आणि खरं सांगायचं तर थोडा जळफळाटही होई. पण नोव्हेंबरच्या त्या गारठलेल्या पहाटा, भिंतीच्या अलीकडे ती, पलीकडे वडील आणि मध्ये एका फळीची जाडी, हे तिला जगातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा प्रिय होतं. तिच्यावर इतकं कोणी कधी विसंबलंच नव्हतं. नवरा होता तोवर तिनं लावलेलं कुलूपही तो पुन्हा ओढून बघायचा.

थोरला रॉयस आला तो नव्या कोऱ्या होडीतून. पिकअप गाड्या विकून विकून त्याचं बोलणंही जाहिरातीसारखं झालं होतं. होडीत प्लास्टिकच्या गवताच्या गुंडाळ्या होत्या आणि बॅटरीवर चालणारी करवत.

"काय मंडळी! यंदा फांद्याबिंद्या बंद. हे बघा, तयार गवत. चटईसारखं उलगडायचं, खिळे ठोकायचे, झालं. पानं गळायची भानगड नाही."

आर्विलांनी गवतावरून हात फिरवला आणि बोटं नाकाशी नेली.

"रबरी चपलेचा वास येतोय."

"बदकाला वास कळत नाही, डॅडी."

"बदकाला नसेल कळत. मला दिवसभर इथं बसायचंय."

तेवढ्यात धाकटा लोनी पोचला. त्याच्या होडीवर ओकच्या फांद्या इतक्या रचल्या होत्या, की एखादं झुडूपच शिव्या घालत तळ्यातून येतंय असं वाटावं. लोनी होडीची इंजिनं दुरुस्त करी, दुसऱ्या घटस्फोटानंतर वडिलांच्या घरामागे ट्रेलरमध्ये राही, आणि या घरात काम फक्त आपणच करतो अशी त्याची पक्की समजूत होती. गवताच्या गुंडाळ्या बघून तो म्हणाला, "हे कशाला आणलंस? लग्नाच्या मांडवाला?"

"लग्नाचंच सांगायचंय," रॉयस म्हणाला. "माझ्या ॲशलिनचं ठरलंय ते घर ठाऊक आहे ना? मुलाचे वडील डॉक्टर व्हिटफील्ड, नॅशव्हिलचे, हृदयाचे सर्जन. हंगामाच्या पहिल्या दिवशी बाप-लेक दोघंही आपल्या लपणात येताहेत. मी सांगून ठेवलंय त्यांना, माझ्या वडिलांसारखी नजर सगळ्या टेनेसीत सापडायची नाही. त्यांना तेच बघायचंय."

आर्विलांनी मिशीवरून हात फिरवला.

"येऊ देत की," ते म्हणाले.

"बसवणार कुठं?" लोनीनं विचारलं. "चुलतभाऊ आले की बाकावर मुंगीला जागा नसते."

"तेच तर." रॉयसनं करवत उचलली आणि तिच्या टोकानं भिंत दाखवली. "हे स्वयंपाकघर काढून टाकायचं. बाक त्या टोकापर्यंत न्यायचा. दोन ऐसपैस जागा होतात."

"आणि नाश्ता?"

"थर्मासमधून कॉफी. आणि बिस्किटं काय, पेट्रोलपंपावर मिळतात."

पेट्रोलपंपावरची बिस्किटं हे शब्द हॉबगुडांच्या लपणात आजवर कोणी उच्चारले नव्हते. लोनीच्या हातातली फांदी खाली आली.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का? सिसच्या हातची बिस्किटं सोडून ती रबरं खायची? सॉसेजची ग्रेव्ही काय नळातून आणणार आहेस? सिस, तू बोल ना काहीतरी!"

"मी काय बोलू?" नेल्डा म्हणाली. "मला कोणी विचारलंय का?"

"सिस, तुझ्याच सोयीचं बघतोय मी," रॉयस म्हणाला. "या वयात कशाला पहाटे उठून पिठात हात घालायचे? आराम कर. घरी बस."

घरी बस. हे म्हणजे भावानं बहिणीला कौतुकानं दाराबाहेर काढणं झालं. नेल्डा शेगडी पुसायला आत गेली. तिला भरवसा होता तो लोनीचा. लोनी आळशी होता, हेकट होता, पण भुकेशी बेइमानी करणाऱ्यातला नव्हता.

रॉयसलाही हे ठाऊक होतं. "चल, होडी नीट बांधून येऊ," म्हणत त्यानं लोनीला बाहेर नेलं. गाड्या विकताना गिऱ्हाइकाला बायकोपासून चार पावलं दूर न्यायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. मात्र लपणाच्या फळ्या पातळ होत्या आणि दोघं उभे राहिले ते नेमके स्वयंपाकघराच्या मागे.

"लोनी, डॅडी अजून किती वर्षं टोकाला बसतील?"

"मरेपर्यंत."

"आणि नंतर?"

"नंतर तू. थोरला तू आहेस."

"मला काय करायचंय टोकाला बसून? व्याह्यांशी गप्पा मारायला मला मध्ये बसलं पाहिजे. जागा तुझी. 'मारा' तू म्हणायचं."

बाहेर बराच वेळ फक्त पाण्याचा चुबुकचुबुक आवाज येत होता. आयुष्यात लोनीचं कोणी ऐकलं नव्हतं. दोन बायकांनी नाही, इंजिनांनी नाही, पाळलेल्या कुत्र्यानंही नाही. त्याच्या एका शब्दावर सात-आठ माणसं उठून उभी राहताहेत हे चित्र त्याला दिसत असावं.

"पण तू डॉक्टरला सांगून बसलास ना, डॅडींची नजर म्हणून?"

"त्या एका दिवशी डॅडी बसतील. दुसऱ्या दिवशीपासून तू. डॅडी मध्ये, हीटरजवळ, पायावर पांघरूण घेऊन. त्यांचंही वय झालंय."

"ते ऐकतील?"

"आपण दोघं एका तोंडानं बोललो तर ऐकतील."

पुन्हा चुबुकचुबुक. मग लोनी म्हणाला, "तशी पेट्रोलपंपावरची बिस्किटं अगदीच वाईट नसतात म्हणा."

नेल्डानं फडकं पिळलं. ज्या माणसानं आईच्या अंत्यविधीच्या जेवणात ग्रेव्ही पातळ झाली म्हणून डोळ्यांत पाणी आणलं होतं, तो एका शब्दाच्या मानापायी फितूर झाला होता. तिला भावांचा राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. पहिल्याच दिवशी, परक्या माणसांसमोर, कढई वाजणार नाही. वडील तिथे बसून राहतील आणि बदकं येऊन जातील. सर्जन काही बोलणार नाही, मोठी माणसं बोलत नाहीत, फक्त एकमेकांकडे बघतात. आणि ते बघणंसुद्धा आर्विलांना दिसणार नाही.

भाऊ आत आले ते मिळूनमिसळून. आल्या आल्या रॉयस म्हणाला, "सिस, तू होडीत उतर आणि बाहेरून फांद्या दे बघू. आम्ही आतून बांधतो."

ती उतरली. छोटी होडी तिनं वडिलांच्या टोकाशी आणली आणि एकेक फांदी वर देऊ लागली. लोनी हातोडी आणि तारेचं भेंडोळं घेऊन फळीवरून वाकला होता. रॉयस बाकावर वडिलांना चिकटून बसला.

"डॅडी, लोनीचं आणि माझं एक मत झालंय."

"अरे देवा," आर्विल म्हणाले. "कोण मेलं?"

"स्वयंपाकघर काढूया."

"मुळीच नाही."

"का पण?"

"माझे गुडघे. शेगडीची ऊब लागते गुडघ्यांना."

"हीटर आणतो."

"हीटरचा वास येतो मला."

"वास न येणारा आणतो."

"ते तुमच्या आईचं स्वयंपाकघर आहे," आर्विल म्हणाले आणि त्यांनी आवाज थोडा कापराही केला. इमोजीनला जाऊन इतका काळ लोटला, त्या काळात त्यांनी हा हुकमाचा पत्ता बराच जपून वापरला होता. पण रॉयस गाड्या विकणारा.

"आईनंच काढायला लावलं असतं, डॅडी. पाहुण्यांना जागा नाही, हे तिला चाललं असतं का?"

आर्विलांनी मान किंचित भिंतीकडे वळवली. भिंतीपलीकडे आज कोणीच नव्हतं. खालून होडीतून नेल्डाला त्यांचा चेहरा दिसला, आणि बाजारात आईचा हात सुटलेलं पोर जसं उगाच ऐटीत उभं राहतं तसा तो तिला वाटला.

लोनीनं आता आपलं घोडं पुढे दामटलं. "डॅडी, खरं सांगा, तुम्हाला हल्ली नीट दिसतं ना?"

"तुझ्यापेक्षा चांगलं दिसतं. मी तुझ्या दोन्ही बायका बघूनच नको म्हटलं होतं."

"मग ते काय येतंय सांगा बरं."

सायप्रसच्या झाडांमागून पांढऱ्या पेलिकनांचा थवा पाण्यावर उतरत येत होता. एकेक पक्षी दाराच्या फळीएवढा रुंद, संथ, चोचीखाली पिशवी लोंबलेली. दर ऑक्टोबरात ते तळ्यावर विसाव्याला येत. कायद्यानं त्यांच्या पिसालाही हात लावायची चोरी होती. आणि घात असा, की पेलिकन उडताना काडीचाही आवाज करत नाहीत.

"तुला दिसत नाही का?" आर्विल म्हणाले. "मला काय विचारतोस?"

"मला दिसतंय. तुम्ही सांगा."

"येताहेत."

"काय येतंय?"

"जे यायचं ते."

"किती आहेत?"

"पुरेसे आहेत."

"कुठली जात, डॅडी?"

"हंगाम सुरू होण्याआधी मी जात सांगत नसतो," आर्विल म्हणाले. "अपशकुन होतो."

हे त्यांनी इतक्या थाटात सांगितलं, की रॉयसनं क्षणभर मान डोलावली. पण लोनी टोकाच्या जागेच्या आशेनं आंधळा झाला होता. "सांगा ना, डॅडी. नुसतं नाव सांगा," तो पुन्हा म्हणाला. आर्विलांचा हात मागच्या भिंतीवर चाचपडला.

नेल्डाला ते बघवेना. काही सुचायच्या आत तिनं वल्हं उचललं आणि होडीच्या काठावर एकदा आपटलं. येताहेत, एवढंच सांगायचं होतं तिला; वडिलांनी ताठ बसावं, 'पेलिकन आहेत, जाऊ देत' असं तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणावं, इतकीच तिची वेडी आशा. पण कढईच्या भाषेत पेलिकन हा शब्दच नव्हता. आर्विलांचा चेहरा उजळला. ते बाकावर ताठ झाले, एक हात वर केला.

"थांबा," ते कुजबुजले. "कोणी हलू नका. येऊ देत."

आणि लोनीनं, बापाची फजिती रंगात येईतो हातातलं काम उरकावं म्हणून, फांदीच्या खिळ्यावर हातोडीचे दोन ठोके घातले. ठक्. ठक्.

"मारा!" आर्विल गरजले. "मारा त्यांना!"

तळं दणाणलं. पेलिकन तसूभरही बिचकले नाहीत. एकामागून एक, चर्चमधून बाहेर पडणाऱ्या जाड्या बायकांसारखे, ते लपणासमोरून सावकाश निघून गेले. लोनीची हातोडी हवेत तशीच राहिली. रॉयस आधी पेलिकनांकडे बघत होता, मग बापाकडे, मग होडीत वल्हं धरून उभ्या असलेल्या बहिणीकडे. तो माणूस मूर्ख नव्हता. वल्ह्याचा एक ठोका, हातोडीचे दोन, आणि इतकी वर्षं ग्रेव्ही ढवळताना होणारा तो खडखडाट. त्याचं गणित जुळायला वेळ लागला नाही.

"डॅडी," तो हळूच म्हणाला, "ते पेलिकन होते."

"ठाऊक आहे मला. तुमची परीक्षा घेत होतो."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"डॉक्टरसमोर हे झालं असतं तर?" रॉयस म्हणाला. आता त्याचा आवाज मवाळ झाला होता, आणि नेल्डाला त्याच्या करडेपणापेक्षा हा मवाळपणा जास्त झोंबला. "मी त्यांना काय सांगून बसलोय आणि... असू दे. डॅडी, पहिल्या दिवसापासूनच टोकाला लोनी बसू दे. तुम्ही मध्ये बसा. तुम्हाला काही करायला नको. बदक पडलं की सांगेन मी तुम्हाला."

"पडलं की सांगशील," आर्विल म्हणाले. "बरं."

'बरं' हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकलाच नव्हता. सोसाट्याच्या वाऱ्यात घराचं छप्पर उडालं तेव्हाही ते वाऱ्याशी वाद घालत होते. ते बाकावरून उठले, चाचपडत मध्ये सरकले आणि मांडीवर हात ठेवून बसले. नेल्डाला रडू आलं, रागही आला: भावांचा, स्वतःचा, गेलेल्या आईचा. आपण जन्मभर भिंतीमागून ठोके वाजवायचे, आणि ठोके चुकले की बापाची अब्रू जायची. कसलं हे गुपित! भिंत होती म्हणून तर ते ठेवावं लागत होतं.

ती होडीतून वर चढली. कपडे ओले, केसांत ओकची पानं.

"रॉयस, करवत दे."

"कशाला?"

"स्वयंपाकघर काढायचंय ना? काढते."

"तू कशाला, सिस, आम्ही..."

"दे म्हणते ना!"

लोनीला वाटलं, झालं, सिस शरण आली. रॉयसला वाटलं, गिऱ्हाईक सही करतंय. त्यानं करवत चालू करून दिली. नेल्डानं ती टोकाच्या जागेमागच्या फळीला लावली आणि भिंत वरून खाली कापत गेली. भुसा आर्विलांच्या टोपीवर उडाला. ते दचकून म्हणाले, "काय चाललंय?" शेवटी तिनं लाथ घातली, तशा फळ्या आतल्या बाजूला आडव्या झाल्या. कपाट कोसळलं, पिठाचा डबा उलटला, आणि तळ्यावरचा वारा प्रथमच स्वयंपाकघरातून आरपार गेला.

तिनं स्टूल ओढून टोकाच्या जागेला चिकटवलं. मग वडिलांच्या दंडाला धरून त्यांना मध्यावरून उठवलं, त्यांच्या जागेवर बसवलं, आणि स्वतः स्टुलावर बसली.

"ही डॅडींची जागा," ती म्हणाली. "ही माझी."

"ही तर डॉक्टरांची..." रॉयस म्हणाला.

"डॉक्टरांना तुझ्या मांडीवर घे."

"सिस, इथं बायका बसत नाहीत," लोनी म्हणाला. "कधीच बसल्या नाहीत."

"आई काय हवेत तरंगत होती? इथंच होती ती, या फळीच्या मागं. मीही इथंच होते. एक हात पलीकडं."

"पण ते स्वयंपाकाला!"

"आता स्वयंपाकघर नाही. तुम्हालाच नको होतं."

रॉयसनं जमिनीवरच्या पिठाकडे बघितलं. पहिल्या दिवशी नॅशव्हिलचा सर्जन या लपणात पेट्रोलपंपाच्या कागदातलं बिस्किट सोलतोय, हे दृश्य आता प्रथमच त्याच्या डोळ्यांसमोर आलं असावं. "मग नाश्ता कोण करणार?" तो म्हणाला.

"व्याही तुझे, नाश्ता तुझा. पीठ सांडलंय ते भर आधी."

"ते सगळं राहू दे," लोनी रडकुंडीला आला होता. "आवाज कोण देणार तेवढं सांगा. मला शब्द दिलाय रॉयसनं!"

"कसला शब्द?" आर्विलांनी विचारलं.

रॉयस काही म्हणणार, एवढ्यात तो झटकन खाली वाकला. लोनीही वाकला. कोणी सांगितलं नव्हतं. हाडात भिनलेली सवय. तळ्याच्या डाव्या अंगाला, झाडांच्या शेंड्यांवरून, राखी बदकांचा एक लहानसा थवा वळत होता. उत्तरेकडून आलेली, यंदाची पहिलीच.

लपणात चिडीचूप झालं. त्या शांततेवरून आर्विलांना कळलं. त्यांनी मान डावीकडे केली, मग उजवीकडे, आणि मग सोडून दिलं. सगळ्यांदेखत, दोन्ही मुलगे ऐकत असताना, त्यांनी लेकीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सांग," ते म्हणाले.

नेल्डाला वाटलं होतं, या शब्दानं त्यांचं काहीतरी मोडेल. तसं काही झालं नाही. ते फक्त वाट बघत होते.

"येताहेत," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. या जागी तो कधी कोणी ऐकलाच नव्हता. "डावीकडून. झाडांच्या वरून. पाच-सहा आहेत. आता पंख आवळले. खाली येताहेत, डॅडी. अजून. अजून थोडी."

बदकं पाण्यावर आडवी घसरत आली. त्यांचे पिवळे पाय लोंबू लागले. वाऱ्यात पंखांची शीळ घुमली आणि नेल्डा ओरडली.

"मारा!"

रॉयस आणि लोनी एकदम उठले. रॉयसनं करवत खांद्याला लावली होती, लोनीनं ओकची फांदी. बदकं केकाटत उभी चढली आणि झाडांपलीकडे दिसेनाशी झाली. दोघे भाऊ तसेच नेम धरून उभे होते. कोणाच्या आवाजावर आपण उठलो, हे ध्यानात यायला त्यांना थोडा वेळ लागला, आणि आल्यावर दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

आर्विल कान देऊन पंखांचा आवाज विरेपर्यंत ऐकत राहिले. मग त्यांनी टोपीवरचा भुसा झटकला.

"घाई केलीस," ते म्हणाले. "तुझी आई अजून जरा जवळ येऊ द्यायची."